‘वृद्धिंगत’मधला ‘गत’ कुठून आला?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. बेळगावातल्या एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाच्या पत्रिकेत ‘आपला स्नेह असाच उत्तरोत्तर वृद्धिंगत व्हावा’ असं वाक्य घातलं होतं. संचालक मंडळातल्या एका ज्येष्ठांची हरकत अशी, की ‘गत’ म्हणजे गेलेला, ‘दिवंगत’मध्ये तोच शब्द येतो, मग शुभकार्याच्या पत्रिकेत तो कशाला? दुसऱ्यांचं म्हणणं, शब्दच चुकलाय, ‘वृद्धिगत’ पाहिजे, मध्ये अनुस्वार आला कुठून? आणि छापखान्यातून प्रूफ आलं त्यात तिसरंच, ‘वृध्दींगत’. सचिवांनी विचारलंय की यातलं बरोबर काय, हा शब्द आला कुठून, आणि एवढं सगळं नको असेल तर सरळ राजमुद्रेतला ‘वर्धिष्णू’ घालून मोकळं व्हावं का?

मी हायस्कुलात संस्कृत-मराठी शिकवलं आणि शाळेबाहेर बेळगाव-खानापूर भागातल्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका यांची प्रुफं तपासत आलो. या एका शब्दावरून रंगलेले वाद मी बरेच ऐकलेत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिली हरकत आधी घेतो, कारण ती व्याकरणाची कमी आणि मनाची जास्त आहे. ‘गत’ हे ‘गम्’ धातूचं भूतकाळवाचक विशेषण. एकटं आलं की ‘गेलेला, सरलेला’ : गतवर्ष, गतकाळ, गतप्राण. पण त्याच्या आधी जेव्हा पोचण्याचं ठिकाण येतं, तेव्हा अर्थ ‘तिथे पोचलेला, त्या स्थितीला प्राप्त झालेला’ असा होतो. संस्कृतात गतिवाचक धातू ‘मिळवणे’ आणि ‘कळणे’ या अर्थीही चालतात. म्हणून हस्तगत म्हणजे हाती आलेलं, अवगत म्हणजे कळलेलं, मनोगत म्हणजे मनात असलेलं. यातलं काहीही ‘गेलेलं’ नाही. कोर्टाच्या कागदात ‘मालमत्ता हस्तगत केली’ असं वाचून ती हातातून गेली असं कुणी समजत नाही. तसंच वृद्धीला पोचलेला तो वृद्धिंगत. ‘दिवंगत’मध्येही ‘गत’चा अर्थ हाच आहे, द्युलोकी म्हणजे स्वर्गात पोचलेला. दुःख आहे ते ‘दिव्’ या ठिकाणाचं. ‘गत’ने दोन्हीकडे आपलं काम इमानानं केलंय.

तरीही त्या ज्येष्ठांना अगदीच वेड्यात काढू नका. आपल्या भागात दोन भाषांच्या पाट्यांमुळे ‘दिवंगत’ हा शब्द डोळ्यांसमोर फार असतो. मराठीत आपण ‘कै.’ लिहितो, कन्नडमध्ये मृत व्यक्तीच्या नावाआधी ‘दि.’ लिहितात, तो ‘दिवंगत’चाच संक्षेप. शाळेची इमारत, बसथांब्याचं छप्पर, पाणपोई, कुठेही देणगीदाराच्या वडिलांच्या नावाआधी तो ‘दि.’ दिसतो. ज्याचं वाचन दोन्ही लिप्यांत झालंय त्याच्या कानाला ‘–ंगत’ हा शेवट शोकाचाच वाटला तर नवल नाही.

आणि गंमत बघा, शुभ-अशुभाचा विचार करायचा तर मराठीनं ‘वाढ’ या शब्दालाच अशुभ झाकायच्या कामाला लावलंय. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली असं बाईमाणूस म्हणत नाही, बांगडी वाढली म्हणतं. आणि घरात मूल जन्मलं की भावकीला जो विटाळ लागतो त्याला जुन्या घरांत ‘वृद्धी’च म्हणतात. ‘त्यांच्याकडे वृद्धी आहे, दहा दिवस देवाला शिवणार नाहीत.’ शब्दाच्या सावलीला भिऊन पत्रिका लिहायला बसलो तर पत्रिका कोरीच राहील. ‘वर्धापनदिन’ हा शब्दही त्याच ‘वृध्’ धातूचा, तो तर तुम्ही पत्रिकेच्या माथ्यावर ठळक छापलाय.

आता अनुस्वार. खरा अवघड भाग हाच.

‘वृद्धी’ आणि ‘गत’ यांचा संस्कृतात रीतसर समास केला तर ‘वृद्धिगत’ होईल, हे दुसऱ्या संचालकांचं म्हणणं व्याकरणाला धरून आहे. पाणिनीचं एक सूत्रच आहे : द्वितीया श्रितातीतपतितगतात्यस्तप्राप्तापन्नैः. म्हणजे द्वितीया विभक्तीतल्या नामाचा श्रित, अतीत, पतित, गत, प्राप्त वगैरे शब्दांशी तत्पुरुष समास होतो. ‘गत’ त्या यादीत नावानिशी बसलाय. समास झाला की आतल्या पदाचा विभक्तिप्रत्यय गळतो, हा दुसरा नियम. ग्रामं गतः चा समास ग्रामगत. मग वृद्धिं गतः चा वृद्धिगत. इथवर त्यांच्याशी भांडण नाही.

पण मराठीनं समास उचललाच नाही. मराठीनं उचललं ते वाक्यातलं जोडपं, ‘वृद्धिं गतः’. त्यातला विसर्ग टाकला, मधली मोकळी जागा मिटवली आणि एक शब्द केला. अनुस्वार म्हणजे द्वितीयेच्या एकवचनाचा उरलेला ‘म्’. ‘दिवंगत’चंही तेच : ‘दिवं गतः’ हे जोडपं एकत्र लिहिलं गेलं. त्याचा समास करायचाच म्हटला तर ‘द्युगत’ होईल, आणि तो शब्द मी एखाद्या शोकसंदेशात घातला तर संपादकांचा मलाच फोन येईल. ‘अस्तंगत’ तिसरा, पण तिथे ‘अस्तम्’ हे मुळातच अव्यय आहे, त्यामुळे तिथला ‘म्’ त्याच्या घरचाच, विभक्तीचा नव्हे. ‘शरणागत’ या घोळक्यात धरू नका, तो शरण अधिक आगत.

शाळेच्या पुस्तकातलं नाव हवं असेल तर विभक्ती न गळलेल्या समासाला अलुक् तत्पुरुष म्हणतात. ‘अग्रेसर’, ‘तोंडीलावणे’ ही उदाहरणं सगळ्यांनी पाठ केलेली असतात. मराठीपुरतं ‘वृद्धिंगत’ला त्या वर्गात बसवायला माझी हरकत नाही. संस्कृतच्या पंडिताला विचाराल तर तो म्हणेल हा समासच नाही, दोन पदं आहेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर. शब्द मराठीत आलाय, मराठीत रुळलाय, आणि रुळलेलं रूप ‘वृद्धिंगत’ आहे. ‘वृद्धिगत’ लिहिलंत तर व्याकरण तुमच्या बाजूनं उभं राहील, पण वाचणाऱ्याला टिंब द्यायचं राहिलं असंच वाटेल. पत्रिकेत असा धोका घेऊ नये.

तिसरी गोष्ट छापखान्याची, आणि इथे मात्र दोन मतं नाहीत. ‘वृध्दींगत’मध्ये दोन चुका आहेत. एक, जोडाक्षर उलटं आहे. आधी द, मग ध. ‘वृध्’ला ‘ति’ प्रत्यय लागतो. ध् च्या शेजारी आलेला त हा ध होतो, आणि मग आधीचा ध् आपला हकार सोडून द् होतो. म्हणून वृद्धि. बुध्, शुध्, सिध्, युध् यांचंही तसंच होऊन बुद्धी, शुद्ध, सिद्ध, युद्ध होतं. सूत्रं लक्षात ठेवायची गरज नाही, तोंडानं म्हणून बघा. ‘ध्’वर अडून पुढे ‘द’ म्हणायला जीभ तयार होत नाही. जुन्या टंकांत ‘द्ध’ची कळ सापडत नसे, अर्धा ध पटकन मिळे, तिथून ही सवय आपल्या छापखान्यांत शिरली आणि युनिकोड आल्यावरही गेली नाही. बेळगावात यावर एक सोपा इलाज आहे. इथले बरेचसे डीटीपीवाले कन्नडही टाइप करतात. कन्नडमध्ये जोडाक्षराचं पहिलं व्यंजन वर पूर्ण लिहितात आणि दुसरं त्याच्याखाली ओत्तु म्हणून लावतात. ‘वृद्धि’ कन्नडमध्ये लिहायला सांगा. ज्याला कन्नड येतं तो वर द आणि खाली ध सहसा बिनचूक लावतो. तोच क्रम मराठीत ठेव, म्हणून सांगायचं. मी हे कैक जणांना सांगितलंय आणि व्याकरणाच्या व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग जास्त झालाय.

दुसरी चूक दीर्घ वेलांटीची. एकटा शब्द मराठीत ‘वृद्धी’ असा दीर्घ लिहायचा. साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांपासून शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ, मग शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला का असेना. पण असा संस्कृत शब्द जोडशब्दात आधी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो : कवी पण कविचरित्र, गुरू पण गुरुदक्षिणा, वृद्धी पण वृद्धिंगत. अहवालात ‘वृद्धीदर’ छापलं असेल तर तेही ‘वृद्धिदर’ करून घ्या. कन्नडमध्ये हे शब्द शेवटीही ऱ्हस्वच लिहितात, त्यामुळे दोन्ही भाषांत काम करणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. तो समजण्यासारखा आहे.

बरोबर शब्द कुठला हे कळलं, तरी तो चालवायचा कसा हे उरतंच. माझ्या मते जास्त चुका तिथे होतात.

‘गत’ भूतकाळवाचक असल्यानं ‘वृद्धिंगत’ एकटा उभा राहिला की पूर्ण झालेली स्थिती सांगतो. चालू वाढ दाखवायची ताकद त्याच्यात नाही. ती ‘होणे’ या क्रियापदाकडून येते (वृद्धिंगत होत आहे, वृद्धिंगत व्हावा) किंवा ‘उत्तरोत्तर’कडून. म्हणून ‘उत्तरोत्तर वृद्धिंगत’ या जोडीला जे लोक द्विरुक्ती म्हणून हसतात ते चुकतात. ‘उत्तरोत्तर’ म्हणजे एकामागून पुढच्या पायरीवर. जी गोष्ट ‘गत’ सांगू शकत नाही तीच ते सांगतं. याउलट ‘वृद्धिंगत ठेवी’, ‘वृद्धिंगत सभासदसंख्या’ असं नामाआधी चिकटवलेलं विशेषण मला कधीच पटलं नाही. तिथे सरळ ‘वाढलेल्या ठेवी’ लिहावं. ‘वृद्धिंगत वाढ’ही मी एका अहवालात वाचलंय, त्यावर काही बोलत नाही.

शब्दाचा पिंडही बघायला हवा. स्नेह, कीर्ती, लौकिक, परंपरा, ऋणानुबंध यांनाच तो शोभतो. आकड्याला शोभत नाही. आपल्याकडे खानापूरचा शेतकरी ‘भात बरं वाढूलालंय’ म्हणतो. त्याच्या पिकाला तुम्ही वृद्धिंगत म्हणालात तर तो तुमच्याकडे बघत राहील.

आता ‘वर्धिष्णू’. सचिवांना तो शब्द सुचणं साहजिक आहे. बेळगावात शिवजयंती परंपरेनं वैशाख शुद्ध द्वितीयेची, मग चित्ररथांची मिरवणूक, आणि चित्ररथांवर, कमानींवर, टी-शर्टांवर राजमुद्रेचा श्लोक :

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वानं वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते. विशेषण मुद्रेचं आहे, म्हणून ते इथे स्त्रीलिंगी. (प्रतिपदेची कोर प्रत्यक्षात बहुधा दिसत नाही, सूर्याच्या फार जवळ असते, डोळ्यांना दिसते ती द्वितीयेची. म्हणजे आपल्या जयंतीच्या संध्याकाळी आभाळ निरभ्र असेल तर पश्चिमेला ती बघायला मिळू शकते, पण तेव्हा सगळ्यांच्या माना डॉल्बीकडे वळलेल्या असतात.)

‘वर्धिष्णू’ हा समास नाही. वृध् धातूला ‘इष्णु’ प्रत्यय. एकदा एक तरुण कार्यकर्ता मला मोठ्या खात्रीनं सांगत होता की ‘वर्धी’ अधिक ‘विष्णू’ म्हणजे वाढणारा विष्णू. तसं काही नाही. ‘विष्णु’मधला ‘ष्णु’ वेगळ्या घडणीचा आहे. पाणिनीनं हा ‘इष्णु’ मोजक्या धातूंना सांगितलाय, त्यांत वृध् आहे, सह् आहे, चर् आहे. सह् वरून आपला ओळखीचा ‘सहिष्णू’. आणि हा प्रत्यय नुसती क्रिया दाखवत नाही, स्वभाव दाखवतो, शील दाखवतो. सहिष्णू म्हणजे आत्ता या क्षणी सहन करणारा नव्हे, सोसणं ज्याच्या अंगातच आहे तो. तसा वर्धिष्णू म्हणजे वाढणं ज्याचा धर्मच आहे तो.

हा फरक किती बारीक आहे ते जुन्या काव्याशेजारी ठेवून बघा. चंद्रकोरीची उपमा राजमुद्रेच्या आधीपासून संस्कृतात रूढ होती. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात कालिदास लहानग्या पार्वतीबद्दल म्हणतो, ‘दिने दिने सा परिवर्धमाना लब्धोदया चान्द्रमसीव लेखा’. तीच लेखा, तोच चंद्र, तोच वृध् धातू. पण तिथे रूप आहे ‘परिवर्धमाना’, चालू क्रियेचं, आणि त्याला ‘दिने दिने’ जोडावं लागलंय. रघुवंशात बाळ रघूच्या वाढीलाही बालचंद्राचीच उपमा आहे, आणि तिथेही ‘दिने दिने’ आहेच. राजमुद्रेत ते शब्द नाहीत. ‘वर्धिष्णुः’ म्हटल्यावर त्यांची गरजच उरत नाही, कारण वाढ रोजची घटना न राहता स्वभाव झाली. बत्तीस अक्षरांच्या अनुष्टुभात एवढी जागा वाचवणारा कवी कच्चा नव्हता.

म्हणून पत्रिकेत ‘नित्यवर्धिष्णू’ किंवा ‘सतत वर्धिष्णू’ लिहू नका; ते दोनदा सांगणं झालं. ‘आपली वर्धिष्णू संस्था’ म्हणायला हरकत नाही. एखाद्या वर्षी ठेवी घटल्या तरी संस्था वर्धिष्णू राहू शकते, स्वभाव एका ताळेबंदानं बदलत नाही. पण ‘स्नेह वर्धिष्णू व्हावा’ हे विचित्र वाटतं, कारण स्वभाव ‘व्हावा’ अशी इच्छा आपण सहसा करत नाही. स्नेहासाठी वृद्धिंगत, संस्थेसाठी वर्धिष्णू. ‘वर्धमान’ही चालला असता, पण आपल्या जिल्ह्यात जैन समाज मोठा; ‘वर्धमान पतसंस्था’ म्हटलं की लोक ते महावीरांचं नाव समजतील आणि संस्था कुठल्या समाजाची हे विचारतील. त्याच धातूचा ‘वृद्ध’ आणखी पुढे निघून गेला. मूळ अर्थ ‘वाढलेला’ एवढाच. तो वयोवृद्ध, ज्ञानवृद्ध या जोडशब्दांत टिकून आहे, एरवी म्हातारा.

पतसंस्थेचीच पत्रिका आहे म्हणून एक राहवत नाही. संस्कृतात ‘वृद्धि’चा एक जुना अर्थ व्याज असा आहे. पाणिनीच्या सूत्रात तो येतो, आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ‘चक्रवृद्धि’ हा शब्दच येतो, घेऊ नये अशा व्याजाच्या प्रकारांत. तीच आपली ‘चक्रवाढ’. प्राकृतात वृद्धीचं ‘वड्ढि’ झालं आणि तिथून कन्नडमध्ये ‘बड्डी’. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत असो की शहापूरच्या पेढीवर, सीमाभागातल्या माणसाला बड्डी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वृद्धी, वाढ आणि बड्डी ही तिन्ही एकाच धातूची लेकरं, आणि तुमच्या काउंटरवर रोज एकत्र बसतात. तेव्हा संस्थेच्या पत्रिकेत वृद्धी नको म्हणणाऱ्या ज्येष्ठांना विचारा, ठेवींवरची वृद्धीही नको का?

पत्रिकेची कन्नड बाजू छापणार असाल तर तिथे ‘वृद्धिंगत’ जसाच्या तसा उतरवू नका, कन्नड जाणणाऱ्याकडून वाक्य नव्यानं लिहून घ्या. आणि तिथला ‘अभिवृद्धि’ उचलून मराठीत आणू नका. सरकारी पाट्यांमुळे तो आपल्या तोंडी बसलाय, ‘नगराभिवृद्धी’ आपण रोज वाचतो. पण मराठीत त्या जागी ‘विकास’ आहे, आणि स्नेहाचा कुणी विकास करत नाही.

मराठी वाक्य आहे तसंच ठेवा : ‘आपला स्नेह असाच उत्तरोत्तर वृद्धिंगत व्हावा.’ द वर, ध खाली, वेलांटी पहिली, त्यावर टिंब. प्रूफ परत आलं की एवढी चार ठिकाणं बघून मग सही करा.